‘पावेतो’: एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

३ जून

सात प्रकरणांचा खर्डा आज परत आला. वाचणारी मैत्रीण मुद्रितं तपासायचं काम करते आणि शब्द मोजून बोलते. ४१ व्या पानाच्या समासात तिनं पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय, ‘याला हे आधीच कसं ठाऊक?’ त्या पानावर माझा नायक रघुनाथ इंदूरजवळच्या महूच्या रस्त्यावर तारेच्या खांबाखाली उभा आहे आणि त्याच्या मनात येतं, आता सगळा मुलूख पेटणार. तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. मेरठचे शिपाई उठले १० मे १८५७ ला. रघुनाथच्या डोक्यात तिथं माझं शाळेतलं इतिहासाचं पुस्तक बोलतंय.

संध्याकाळी सगळं पुन्हा वाचलं. अशी एकच जागा असती तर खोडून मोकळा झालो असतो. प्रत्येक प्रकरणात तो दोन-तीनदा तरी मान वर करून पुढचं बघतो. धर्मशाळेत कुणी कुजबुजलं की याला लगेच त्यात इतिहास ऐकू येतो. वाटसरूला असं काही ऐकू येत नाही. त्याला उद्याचं पाणी कुठं आणि रात्रीचा मुक्काम कुठं, एवढंच ऐकू येतं.

५ जून

कामाची मांडणी एकदा इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं गोंधळ होणार नाही.

रघुनाथ कोकणातला नकलनवीस. मोडी अक्षर मोत्यासारखं, पोटापुरती संस्कृत. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी वार्ता येते. गावचे भिक्षुक निघतात, त्यांच्यासोबत हाही निघतो. यज्ञाच्या ठिकाणी पोथ्यांच्या नकला लागतील, पत्रं लिहायला माणूस लागेल, हा त्याचा हिशेब. मथुरा राहते बाजूला आणि तो अडकतो झाशीत.

वाट अर्थात विष्णुभट गोडशांची आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली याच यज्ञासाठी निघाला, झाशीच्या वेढ्यात सापडला, पुन्हापुन्हा लुटला गेला आणि गंगेची कावड घेऊन घरी परतला. ‘माझा प्रवास’ नसतं तर ही कादंबरी सुचलीच नसती. पण रघुनाथ म्हणजे गोडसे भटजी नव्हेत. भटजींना राजवाड्यापर्यंत वाट होती. रघुनाथ गल्लीत राहतो.

११ जून

मोठ्या कागदावर दोन रांगा आखल्या. वरच्या रांगेत घटना: १० मे मेरठ, ११ मे दिल्ली, जूनच्या पहिल्या आठवड्यात कानपूर आणि झाशी, १४ जून ग्वाल्हेर, १ जुलै इंदूर आणि महू. खालच्या रांगेत रघुनाथचे मुक्काम. सामान पाठीवर असलेला माणूस उन्हाळ्यात दिवसाला साधारण पंचवीस किलोमीटर चालतो. नाशिक ते महू पावणेचारशे-चारशे किलोमीटर. म्हणजे पंधरा-सोळा दिवसांची मजल, आणि एकादशीला मुक्काम, कुणाच्या पायाला फोड, नदीवर एक दिवस, असं धरलं तर तीन आठवडे.

मग दोन्ही रांगांमध्ये तिसरी रांग घातली. बातमी त्याच्यापर्यंत कधी पोचली आणि कुणाच्या तोंडून. हीच खरी कादंबरीची रांग. तार कंपनी सरकारच्या हातात. बाजारात बातमी येते ती बैलगाडीनं, सांडणीस्वारानं, नाहीतर घाबरून परत फिरलेल्या यात्रेकरूकडून. तीही एकसारखी नाही. दिल्लीची बातमी त्याला मेरठच्या आधी मिळते. मेरठची मिळते तेव्हा त्याला वाटतं, हे दुसरंच काहीतरी नवीन झालं. हा उलटा क्रम तसाच ठेवायचा, दुरुस्त करायचा नाही.

गावोगाव फिरलेल्या चपात्यांचं पान काढून टाकलं. जिवावर आलं, कारण ते चांगलं उतरलं होतं. पण चपात्या फिरल्या त्या वर्षाच्या सुरुवातीला, मुख्यतः उत्तरेत. रघुनाथ तेव्हा घरी अंगणात बसून बोरू तासत होता.

१९ जून

शब्दांची झाडाझडती. खर्ड्यात रघुनाथच्या तोंडी ‘उठाव’ आहे, एका जागी तर ‘स्वातंत्र्यसमर’. हा दुसरा शब्द आला तो सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथानंतर. रघुनाथ ‘बंड’ म्हणेल. गोडसे भटजींच्या पुस्तकाच्या नावातही बंडच आहे. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही. पाऊस म्हणावा तसं तो बंड म्हणतो.

सगळ्यांत लाडका झालेला शब्द ‘धामधूम’. आज आपण लग्नाची धामधूम म्हणतो. जुन्या कागदांत धामधूम म्हणजे फौजांची पळापळ, लढाईचा गोंधळ. ‘त्या प्रांती धामधूम आहे, जाऊ नये.’ हे वाक्य धर्मशाळेतल्या म्हाताऱ्याला दिलं. आजच्या वाचकाला क्षणभर सनई ऐकू येईल आणि मग पोटात गोळा येईल.

‘पाच मिनिटांत’ असं सतरा ठिकाणी होतं. सगळं काढलं. त्याच्याकडे घटका आहे, म्हणजे चोवीस मिनिटं, आणि प्रहर आहे, म्हणजे तीन तास. घटकेच्या आतलं काही सांगायचं असेल तर ‘पान लावून होईतो’, ‘पोथीचं एक पान उतरवून होईतो’. दुसरं आपोआप आलं आणि त्याच्या धंद्यातून आलं. एका जागी तो काडी ओढून दिवा लावत होता, तिथं गारगोटी आणि पोलाद दिलं.

६ जुलै

‘माझा प्रवास’चे दोन पाठ शेजारी ठेवून वाचतोय. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली भटजींची हकिगत संपादून छापली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढला. वैद्यांचं पुस्तक वाचायला सोपं आहे, आणि त्यांनी ते छापलं नसतं तर भटजींचं नावही कुणाला कळलं नसतं. तरी रघुनाथसाठी मला दुसरा पाठ हवा. मूळ लिखाण धावतं, थांबतं, मधेच जेवणावर येतं, परत तोफांकडे वळतं. कुठली गोष्ट मोठी आणि कुठली लहान, हे लिहिणाऱ्यानं अजून ठरवलेलं नाही. भटजींनी हे लिहिलं घटनांनंतर पंचवीसेक वर्षांनी, आणि तरीही त्यांनी मोठ्या-लहानाची वाटणी केली नाही. हे फार अवघड काम आहे. मी सात प्रकरणं लिहून त्यातच नापास झालोय.

७ जुलै

प्रथमपुरुषी निवेदन सोडून तृतीयपुरुषी करून पाहिलं. दहा पानांत कळलं, दोष तिथं नव्हता. परत ‘मी’.

२ ऑगस्ट

हुंडीचं प्रकरण पुरं. उज्जैनीत चातुर्मास काढून रघुनाथ मिळकतीची दर्शनी हुंडी (पेढीवर दाखवताच पैसे मिळायचा कागद) करून घेतो, म्हणजे वाटेत चोरांचं भय नाही. झाशीच्या पेढीवर दाखवतो तर सराफ कागद उलटासुलटा करून बघतो, अक्षराची तारीफ करतो आणि परत देतो. ज्या पेढीवर हुंडी काढली ती पेढी आज उभी आहे का, हे सराफाला ठाऊक नाही. राज्य उलथतं म्हणजे काय, ते रघुनाथला इथं पहिल्यांदा कळतं. कालपर्यंत जो कागद पैसा होता तो आज नुसता सुवाच्य कागद आहे.

तो झाशीत का थांबतो, या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच मिळालं. जून १८५७ नंतर झाशीचा कारभार लक्ष्मीबाईंच्या हाती आला. शेजारच्या ओरछा संस्थानाच्या फौजेनं दिलेला त्रास सोडला तर मार्चपर्यंत तिथं घडी बसलेली होती, बाजार भरत होता, आणि मराठी बोलणारी घरं होती. चहूकडे आग असताना माणूस सावलीच्या जागी थांबतो. ती सावली कुठवर पुरणार, हे त्याला कुणी सांगत नाही.

२४ ऑगस्ट

चंद्राची चूक सापडली.

राणी झाशीतून निसटली ती ४ एप्रिल १८५८ ची रात्र. माझ्या खर्ड्यात त्या रात्री अमावास्येचा मिट्ट काळोख होता. का, तर निसटायला काळोख शोभतो म्हणून. आज पंचांग मांडून बसलो. १५ मार्च १८५८ ला इंग्लंडात कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं होतं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या पक्की. दुसऱ्या दिवशी पाडवा. २१ मार्चला इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज झाशीपुढं आली, पाडव्याला पाच दिवस होताहेत तोच. रामनवमी वेढ्यात गेली. पौर्णिमा ३० मार्चच्या सुमाराची. म्हणजे ४ तारखेला चैत्र वद्य पंचमी-षष्ठी. अशा रात्री पहिले काही तास काळोख असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र उगवतो.

काळोखापेक्षा हे किती चांगलं. भांडेरी दरवाजाच्या बाजूला घोड्यांच्या टापा ऐकू येतात तेव्हा रघुनाथ माळ्यावर दडून आहे. राणी जातेय हे त्याला ठाऊक नाही, त्याच्या लेखी ते नुसते घोडे. थोड्या वेळानं चंद्र वर येतो आणि जळक्या गल्लीतली भांडी चमकायला लागतात. आता लपायला काळोखही उरला नाही, एवढंच त्याच्या मनात येतं.

८ सप्टेंबर

बेतवा नदीवरची लढाई कापली. अकरा पानं.

ही पानं लिहायला मला दीड महिना लागला होता. तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन झाशी सोडवायला आले. रोजनं वेढा न उठवता जेमतेम दीड हजार माणसं घेऊन १ एप्रिलला त्यांना गाठलं आणि मागं रेटलं. परतताना तात्यांच्या लोकांनी जंगलाला आग लावली, पाठलाग अडावा म्हणून. नकाशा काढून, घोडदळ कुठून आलं, तोफा कुठं होत्या, सगळं बसवलं होतं. पण रघुनाथ तटाच्या आत आहे. त्याला काय दिसलं?

३१ मार्चच्या संध्याकाळी दूरच्या उंचवट्यावर एक मोठी आग दिसली. तात्या आल्याची ती खूण होती. गावात आरोळ्या उठल्या, किल्ल्यावरून तोफा सुटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच बाजूला धूर दिसला.

बस. आग दिसली आणि मग धूर दिसला. पहिल्या आगीला नाचलेली माणसं दुसऱ्या दिवशी धूर बघून पुन्हा नाचतात. त्यांना वाटतं, गोऱ्यांची छावणी जळतेय. संध्याकाळपर्यंत कुणीतरी गुळाचा खडा वाटतो. रघुनाथही तो खातो. रात्री तोफा पुन्हा सुरू होतात, कालच्याच बाजूनं, कालच्याच मापानं.

अकरा पानांची सव्वादोन झाली. ती वाचताना माझा स्वतःचा घसा दाटून आला, आणि त्या अकरांनी तसं कधीच झालं नव्हतं.

२९ सप्टेंबर

आज कादंबरीला नाव मिळालं.

रघुनाथच्या शेजारच्या काकूंचं पत्र लिहायचं होतं. या काकू म्हणजे लग्न होऊन झाशीला आलेली कोकणातली बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मोठा भाऊ गावाकडं. तोफा चालू असताना त्या रघुनाथला म्हणतात, ‘दादाला चार ओळी लिही रे बाबा.’ पत्र गावाबाहेर जाणार नाही हे त्यांना कळतं. तरी लिहून पाहिजे.

मायना बरोबर यावा म्हणून जुनी घरगुती पत्रं काढून बसलो. वडीलधाऱ्यांना लिहायच्या पत्राची सुरुवात ठरलेली. ‘तीर्थरूप दादा वडिलांचे सेवेसी, कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विज्ञापना. येथील क्षेम अमुक मितीपावेतो वडिलांचे आशीर्वादेकरून यथास्थित असे.’ मग मजकूर. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा.’

‘पावेतो’ या शब्दापाशी मी थांबलो, आणि रघुनाथलाही थांबवलं. इथलं सगळं कुशल आहे, पण या तिथीपर्यंत. उद्याचं माझ्यानं सांगवत नाही. पत्र पोचेल तेव्हा काय झालं असेल त्याची हमी नाही. आपल्या लोकांनी हे शेकडो पत्रांत न चुकता लिहिलं आणि कुणी त्यावर विचारही केला नसेल.

दृश्य असं उतरलं. रघुनाथ कागदावर आधी आडव्या रेघा ओढून घेतो, कारण मोडीत रेघ आधी आणि अक्षरं तिला मागून टांगायची. शाई पातळ झालीय, पाणी जपून घातलेलं असलं तरी. मायना सवयीनं होतो, बोरू न उचलता. ‘येथील क्षेम’ लिहितो आणि तटाच्या बाजूला गोळा पडतो. रेघेवर माती येते. तो फुंकर मारतो, बोरू पुन्हा बुडवतो आणि विचारतो, ‘काकू, आज तिथी?’ त्या म्हणतात, ‘चतुर्दशी. उद्या पुनव.’ तो लिहितो, ‘चैत्र शुद्ध चतुर्दशीपावेतो यथास्थित असे.’

शाई वाळवायला वाळू टाकतो, आणि वाळूबरोबर ती मातीही झटकली जाते.

मजकूर काय, यावर दोन दिवस घालवले. शेवटी काकू फक्त मागल्या दारच्या फणसाची चौकशी करतात, तो अजून धरतो का म्हणून.

३० सप्टेंबर

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर आता तिथी आणि ‘पावेतो’. खर्डा तपासायची कसोटीही हीच. त्या तिथीपुढचं एक अक्षर प्रकरणात दिसलं की खोडायचं.

१७ ऑक्टोबर

आठवडाभर एक ओळ नाही.

५ नोव्हेंबर

ग्रंथसंग्रहाचं प्रकरण. झाशी पडल्यावर राजवाड्यातला पोथ्यांचा संग्रह लुटीत गेला. लूट टप्प्याटप्प्यानं झाली, पहिल्यांदा सोनं-चांदी, मागून भांडी, कापड, धान्य. पोथ्या कुणालाच नको असतात, पण त्यांचे रुमाल हवे असतात.

रघुनाथला पाण्यासाठी बाहेर पडावं लागतं आणि एका चौकात त्याला पानं दिसतात. फळ्या निघालेल्या, रुमाल सुटलेले, सुटी पानं वाऱ्यावर. तो नकलनवीस आहे. हात थांबत नाहीत. पाण्याची घागर खाली ठेवून तो पानं गोळा करतो, पृष्ठांक बघतो, क्रम लावायला बसतो. बारा पानं जमतात. सात, आठ, एकतीस, पुन्हा सात. मग लक्षात येतं, ही एका पोथीची पानं नाहीत, चार वेगवेगळ्या अक्षरांची आहेत. एक अक्षर त्याला ओळखीचं वाटतं. लांब ओढलेला रफार, उजवीकडं झुकलेला काना. कुणाचं ते आठवत नाही.

इथं माझ्या हातून चूक होणार होती. मी लिहिलं होतं की तो ती पानं छातीशी धरून रडतो. खोडलं. तो पानं जागच्या जागी नीट रचून ठेवतो, वर दगड ठेवतो आणि घागर उचलतो. पाणी जास्त गरजेचं आहे. हे लिहिताना मला त्याच्याबद्दल जो आदर वाटला तो आजवर वाटला नव्हता.

काकूंचं काय झालं हे त्याला दिसत नाही. परत येतो तेव्हा त्यांचं दार उघडं आहे, जात्यात अर्धवट दळण आहे. त्या काळात झाशीतल्या कितीतरी बायकांनी विहिरी जवळ केल्या. ते वाचकाला ठाऊक असेल, रघुनाथला नाही. तो आडापर्यंत जातो आणि वाकून न बघता परत फिरतो. हे वाक्य ठेवू की नको, अजून ठरत नाही.

२ डिसेंबर

शेवट. तो दीड वर्षानं कोकणात पोचतो. बासनात काकूंचं पत्र आहे. भावाचं घर शोधून काढतो.

पहिल्या खर्ड्यात दारात पाऊल ठेवण्याआधी तो पत्राचा कोपरा फाडतो. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडायची रीत मी घरच्या मोठ्यांकडून ऐकली, त्यांनी ती पोस्टकार्डांवर पाहिली. आपल्याकडं पोस्टकार्ड आलं १८७९ साली. रीत त्याआधीची असेलही, पण माझ्याजवळ ती आली पोस्टकार्डाबरोबर. त्याहून मोठं कारण असं, की काकू गेल्या हे रघुनाथला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ते चतुर्दशीपावेतो आणि एक उघडं दार. कोपरा फाडायचा हक्क त्याला नाही. पत्र अखंड ठेवलं.

‘वाकून न बघता’ हे वाक्यही त्यामुळे राहिलं. बघितलं असतं तर कोपरा फाडावाच लागला असता.

१९ जानेवारी

शेवटचं पान पाच वेळा लिहिलं. आजचं असं आहे.

भाऊ ओसरीवर बसलेले. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते पत्र रघुनाथलाच वाचायला देतात. तो स्वतःचंच अक्षर मोठ्यानं वाचतो, मायन्यापासून. ‘यथास्थित असे’ म्हणताना आवाज हलत नाही, कारण वाचताना आवाज हलवायचा नाही हे तो लहानपणी शिकलाय. फणसाची चौकशी येते. भाऊ म्हणतात, ‘धरतो म्हणावं. यंदा जरा कमी.’ मग कागद मागून घेतात, बोटांनी चाचपतात. दीड वर्ष बासनात राहूनही वाळूचे चार कण शाईला चिकटलेले, ते बोटाला लागतात.

‘तिला लिहिता येत नव्हतं,’ भाऊ म्हणतात. ‘अक्षर कुणाचं?’

‘माझं,’ रघुनाथ म्हणतो.

यापुढं एक पान लागतं की नाही, मला समजत नाही. तीनशे बारा पानं बांधून संध्याकाळी मैत्रिणीकडं दिली. पेन्सिल तिच्याकडं आहे.